पाहुण्यांसाठी फवारा

गुणाजी पाष्ट्यांना कॅन्सर आहे, हे बाळकुमच्या त्या इमारतीत कोणालाच माहीत नव्हतं. मणक्याचा त्रास आहे, असं सांगितलेलं होतं. ते अगदीच खोटं नव्हतं. रोग प्रोस्टेटमधून हाडांत उतरला होता आणि मणक्यातच ठाण मांडून बसला होता.

घरात पाच माणसं. गुणाजी, त्यांची बायको रंगूबाई, मुलगा सुशांत, सून समीक्षा आणि लग्नाला आलेली नात शिवानी. लपवायचं ठरलं ते शिवानीसाठी. आधी डोंबिवलीचं एक स्थळ आलं होतं. सगळं पसंत पडलं तेव्हा सुशांतने सरळपणाने वडिलांच्या आजाराचं सांगितलं. त्या लोकांनी गुणाजींची फार आपुलकीने चौकशी केली, डॉक्टर कोण ते विचारलं, आणि मग फोन उचलायचे बंद झाले. तेव्हापासून समीक्षाने ठरवून टाकलं, लग्न होईपर्यंत हा शब्द घरात काढायचा नाही. गुणाजी म्हणाले, मलाही कुठे हौस आहे तो शब्द काढायची.

गुणाजींना मॉर्फिनच्या गोळ्या चालू होत्या, सकाळ-संध्याकाळ, ठरलेल्या वेळी. गोळ्यांनी दुखणं दबून असायचं, पण मधूनच उसळी मारून वर यायचं. कूस बदलताना, शिंक आली तर, कधी काहीच न करता. आलं की बघता बघता माणूस पिळून निघायचा. एखादी जास्तीची गोळी दिली तरी ती पोटात विरघळून कामाला लागेपर्यंत सोसायचं ते सोसून झालेलं असायचं. म्हणून ठाण्याच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी नाकात मारायचा फवारा लिहून दिला. दहा मिनिटांत दुखणं खाली बसायचं.

फवारा कसा वापरायचा ते शिकवायला पायल नावाची नर्स घरी आली. तिने रंगूबाईंना समोर बसवून सगळं करून दाखवलं. रुग्णाला उठवून बसवायचं, बाटलीचं टोक एका नाकपुडीत धरायचं, दुसरी बोटाने दाबायची, फवारा मारला की हळू श्वास घ्यायला सांगायचं. नाक शिंकरू द्यायचं नाही. दुखणं उसळलं तरच द्यायचा, उगाच नाही. एकदा दिला की चार तास पुन्हा हात लावायचा नाही, कितीही गयावया केली तरी. पेंग आली आणि हाक मारून माणूस उठेना, श्वास मंद वाटला, तर सगळं सोडून ॲम्ब्युलन्स बोलवायची. आणि कुलपात ठेवायचा. रंगूबाईंनी विचारलं, कुलपात कशाला, सोनं आहे का? पायल हसली नाही. आजोबांच्या अंगाला मॉर्फिनची सवय आहे म्हणून त्यांना हे पेलतं, ती म्हणाली. दुसऱ्या चांगल्या धडधाकट माणसाने एकदा जरी ओढला तरी त्याचा श्वास थांबू शकतो.

रंगूबाईंनी बाटली कपाटात कुलूपबंद केली आणि किल्ली कमरेला खोचली.

पण औषध द्यायच्या वेळी बाटली बाहेर निघायचीच. एकदा शेजारच्या सखुबाई वाटी परत द्यायला आल्या तेव्हा ती टेबलावर दिसली. हे काय नवीन, त्यांनी विचारलं. समीक्षाच्या तोंडून पटकन निघून गेलं, सर्दीचं औषध आहे, बाबांचं नाक चोंदतं. सखुबाईंना ते पटलं. मग तेच उत्तर घरात कायम झालं. शिवानीच्या मैत्रिणी आल्या, सर्दी. वॉचमन आला, सर्दी. रंगूबाईंना ते आवडलं नव्हतं. औषधाचं नाव बदलू नये, एवढंच त्या सुनेला म्हणाल्या. समीक्षा म्हणाली, मग काय दारावर पाटी लावू?

कल्याणहून निवात्यांचं स्थळ आलं. मुलगा संदेश, चांगल्या नोकरीत. तो आणि शिवानी बाहेर दोनदा भेटलेही होते आणि शिवानी घरी येऊन गुणगुणायला लागली होती. आता रविवारी अकरा वाजता आईवडील घर बघायला येणार होते. मुलाच्या आईने फोनवर मुद्दाम विचारलं होतं, आजी-आजोबा आहेत ना? आमच्याकडे मोठी माणसं बघून मग पुढे जातात.

म्हणजे गुणाजींना हॉलमध्ये बसवणं आलं. आणि पाठ टेकवून दहा मिनिटं बसलं की त्यांचं दुखणं जागं व्हायचं.

सुशांतने त्यावर उपाय काढला. सकाळी अंघोळी झाल्यावर तो रंगूबाईंकडे आला.

"आई, पावणेअकराला बाबांना फवारा देऊन टाक. अर्धा तास ते नीट बसले म्हणजे झालं."

"आत्ता कुठे दुखतंय त्यांना?"

"बसल्यावर दुखणारच आहे ना. दुखायची वाट बघत बसू का पाहुण्यांसमोर?"

रंगूबाई म्हणाल्या, दुखणं आल्यावर द्यायचा असं ती मुलगी सांगून गेली आहे. आत्ता वाया घालवलात आणि नंतर दुखलं तर काय द्यायचं? सुशांत म्हणाला, नंतर म्हणजे ते लोक गेल्यावर ना, मग बघू. पलंगावरून गुणाजींनीच वाद मिटवला. दे गं, म्हणाले, नवरदेवासारखा ताठ बसतो. रंगूबाईंनी कुलूप काढलं, फवारा दिला आणि बाटली परत ठेवायला वळल्या, तर सुशांतने ती हातातून घेतली. जवळ असू दे, म्हणाला, आणि शर्टाच्या खिशात टाकली.

गुणाजींना नवा शर्ट घालून सोफ्यावर बसवलं. पोहे झाले. चहाचं आधण चढलं. अकरा वाजून गेले. संदेशचा फोन आला, निघालोय, कोन गावाजवळ आहोत. नंतर आला, रांजनोलीला टेम्पो उलटलाय. मग कशेळीच्या पुलावर अडकलोय. गुणाजींना तेवढा वेळ फार बरं होतं. त्यांनी शिवानीला दोनदा ओढणी बदलायला लावली, सुशांतच्या पोटावरून त्याची चेष्टा केली. पण औषधाचा सगळा आराम दाराकडे बघण्यात गेला. साडेबाराला त्यांचं बोलणं बंद झालं. रंगूबाईंनी त्यांचे हात बघितले. सोफ्याची कड त्यांनी धरून ठेवली होती.

तेवढ्यात बेल वाजली.

तानाजी निवाते मोकळा माणूस होता. आल्या आल्या त्याने रस्त्याला, टेम्पोवाल्याला आणि सरकारला शिव्या घातल्या, मग गुणाजींच्या पाया पडला. त्याला सारख्या शिंका येत होत्या. गाडीचा एसी बंद पडलेला, काच खाली करून आलो, खोदकामाची सगळी धूळ नाकात गेली, असं तो सांगत होता. त्याची बायको रुपाली कमी बोलणारी, पण नजर सगळीकडे फिरवणारी. संदेश शिवानीकडे बघायचं टाळत बसला होता, त्यामुळे त्याचं लक्ष तिच्याकडेच आहे हे सगळ्यांना कळत होतं.

रुपालीबाईंनी गुणाजींना गावाकडचं काही विचारलं. गुणाजींनी तोंड उघडलं आणि शब्द आलाच नाही. चेहऱ्यावर घाम आला होता. सुशांत उठला. बाबांच्या औषधाची वेळ झाली, असं म्हणून त्याने त्यांना धरून आतल्या खोलीत नेलं. रंगूबाई मागोमाग गेल्या.

आत गेल्यावर गुणाजी पलंगाच्या कडेवर टेकले आणि उशी तोंडात धरली. सुशांतने खिशातून बाटली काढली. रंगूबाईंनी त्याचा हात धरला. चार तास झालेले नाहीत, त्या हळू आवाजात म्हणाल्या. दोन तासही झाले नाहीत. तो म्हणाला, एकाने काय होतंय. त्या म्हणाल्या, ते झोपले आणि उठले नाहीत तर काय होईल ते तू पाहुण्यांना सांग. गुणाजी उशीतून त्या बाटलीकडे बघत होते. त्यांना ती हवी होती. रंगूबाईंनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

असं चाललेलं असताना तानाजी निवाते हात धुवायला आला. बेसिन त्या खोलीच्या दाराशीच होतं. त्याने आत डोकावलं आणि सुशांतच्या हातातली बाटली बघितली.

"काय, आजोबांना पण सर्दी?"

सुशांतला सवय झाली होती. "हो, सर्दीचंच आहे," तो म्हणाला.

"अरे मग द्या की इकडे एक फवारा. सकाळपासून नाक गच्च झालंय. उष्टं-बिष्टं आपण मानत नाही." असं म्हणत त्याने हसत हसत बाटली घेतलीसुद्धा. होणारा व्याही. त्याच्या हातातून वस्तू परत कशी ओढायची? सुशांत नुसता उभा राहिला. तानाजीने टोपण काढलं, मान मागे केली.

रंगूबाईंनी त्याच्या मनगटावर फटका मारला. बाटली पलंगावर पडली.

"सर्दीचं नाही ते. यांना कॅन्सर आहे, त्याच्या दुखण्याचं आहे. तुम्ही ओढलं असतंत तर श्वास बंद पडला असता तुमचा."

हॉलमध्ये कपबशा वाजत होत्या त्या थांबल्या.

तानाजीने आपलं मनगट चोळलं. मग बेसिनकडे जाऊन हात धुतले, पुन्हा धुतले. बरं झालं सांगितलंत, म्हणाला.

पाहुणे लगेच उठले नाहीत. तशी रीत नसते. त्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला. तानाजी परत कशेळीच्या पुलाबद्दल बोलला, पण आता शिव्या नव्हत्या. आत गुणाजी कण्हत होते आणि ते ऐकू येत नाही असं सगळे दाखवत होते. रुपालीबाईंनी एकच प्रश्न विचारला, हे रक्तात असतं का हो, म्हणजे पुढच्यांना? समीक्षाने नाही म्हटलं. शिवानीने कप उचलून नेले. दाराशी संदेशने तिच्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं, आणि आईने हाक मारली तसा तो जिना उतरायला लागला. लिफ्ट समोर उघडी होती.

दुसऱ्या दिवशी मेसेज आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका महिन्यापूर्वीच जुळवून झाली होती, आणि ती त्यांनीच जुळवली होती.

त्या दिवशी घरात जे बोलणं झालं ते फार नव्हतं. सुशांत आईशी बोललाच नाही. समीक्षा भांडी लावता लावता म्हणाली, तुम्ही नुसतं म्हणाला असतात की यांचं इन्फेक्शन लागेल, किंवा बाटली संपलीय, तरी भागलं असतं. रंगूबाई म्हणाल्या, तेवढ्यात सुचलं नाही मला. तुझा नवरा तिथेच उभा होता, त्याला सुचायला हवं होतं. समीक्षा म्हणाली, त्याला सुचायच्या आत तुम्ही सगळं सांगून मोकळ्या झालात. शिवानी दुसऱ्या खोलीत होती. ती बाहेर आली, फ्रीजमधून पाणी घेतलं आणि आजीकडे न बघता म्हणाली, "तो माणूस मेला असता का गं खरंच?"

"मेला असता."

"बरं," शिवानी म्हणाली आणि आत गेली.

गुणाजींनी हे सगळं पडल्या पडल्या ऐकलं. आणि त्यानंतर त्यांनी फवारा मागणं सोडून दिलं.

आधी दुखणं आलं की ते रंगूबाईंना हाक मारायचे. आता हाक येईना. रंगूबाई स्वयंपाकघरातून येऊन बघायच्या तर ते भिंतीकडे तोंड करून पडलेले, पाय आखडलेले, टॉवेल तोंडात. काढू का बाटली? नको. दुखतंय का? नाही. त्या कुलूप काढून बाटली जवळ आणायच्या तर ते नाक उशीत खुपसायचे, लहान मूल औषधाला करतं तसं. एकदा रंगूबाई रागावल्या. कोणासाठी सोसताय, म्हणाल्या, ते लोक तर गेले. गुणाजी म्हणाले, दुसरे येतील की.

पायल तिच्या ठरल्या दिवशी आली. तिने बाटली बघितली. औषध होतं तेवढंच होतं. तिने गुणाजींना विचारलं, आजोबा, दुखणं आता किती, शून्य ते दहामध्ये सांगा.

"दोन."

"आठ असतं," रंगूबाई म्हणाल्या. "टॉवेल चावून चावून फाडलाय त्यांनी."

गुणाजींनी बायकोवर कधी आवाज चढवला नव्हता. "दुखतं कोणाला, मला का तिला?" ते म्हणाले. "मी सांगतोय ना दोन."

पायल दोघांकडे बघत राहिली. फवारा साठवून ठेवायला नाही दिलेला, दुखलं की लगेच घ्यायचा, घेतला म्हणून कोणी कमजोर ठरत नाही, असं तिने सांगून बघितलं. त्यांनी सगळ्याला मान हलवली. रुग्ण दोन म्हणतो तर तिला दोनच लिहावं लागलं. सुशांत दाराशी उभा होता. चांगलं आहे ना मग, तो म्हणाला. आटोक्यात आहे.

तिसरं स्थळ डोंबिवलीचंच होतं. या वेळी गुणाजींनी स्वतःच मार्ग काढला. मला त्या दिवशी खडवलीला शेवंतीकडे नेऊन ठेवा, ते म्हणाले. शेवंती त्यांची पुतणी, तिला खडवलीत दिलेली. पाहुण्यांना सांगा, म्हातारा गावी गेलाय. सुशांतने दोन वेळा नको म्हटलं आणि गाडी ठरवली. समीक्षाला अडचण एकच वाटली, आजी घरात हवी. रंगूबाई म्हणाल्या, मी यांच्याबरोबर जाणार. पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगू, समीक्षाने विचारलं.

"मेली म्हणून सांग," रंगूबाई म्हणाल्या आणि कपाटाचं कुलूप काढून बाटली बटव्यात घातली. गुणाजी म्हणाले, ती कशाला, तिथे माणसं विचारतील. रंगूबाईंनी बटव्याची नाडी ओढली.

टिटवाळ्याच्या पुढे रस्ता खराब होता. खडवलीला पोचेपर्यंत गुणाजींचा रंग उडाला होता. शेवंतीच्या घरी काका येणार म्हणून सगळे जमले होते. तिची सासू, दीर, जाऊ, शेजारच्या दोन बायका. पडवीत त्यांच्यासाठी खाट टाकली होती. गुणाजी खाटेवर बसले, हसले, सगळ्यांना नावाने विचारलं. मग त्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि आतला माणूस निघून गेला.

"काका, मणका का?" शेवंती म्हणाली. "बाम चोळू का?"

"चोळ," गुणाजी म्हणाले.

शेवंतीचा हात जड होता, मायेचा होता. तिने अंगठ्याने रोगाने पोखरलेल्या हाडावर बाम रगडायला सुरुवात केली. गुणाजींच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते बरं वाटतंय, बरं वाटतंय म्हणत राहिले. शेवंतीने आणखी जोर लावला.

रंगूबाईंनी तिचा हात बाजूला केला आणि बटवा सोडला.

"रंगू, नको," गुणाजी म्हणाले. "माणसं आहेत."

"असू देत." त्या उभ्या राहिल्या आणि पडवीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "यांचा मणका नाही. यांना कॅन्सर आहे, हाडांत गेलाय. हे त्या दुखण्याचं औषध आहे. यांच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, दुसऱ्याचा यात जीव जातो. आणि बाम लावू नका."

शेवंती बामचा हात तसाच हवेत धरून उभी होती. रंगूबाईंनी नवऱ्याला सरळ बसवलं. त्यांना वाटलं होतं, ते तोंड फिरवतील. गुणाजींनी डोळे मिटून हनुवटी स्वतःच वर केली. रंगूबाईंनी फवारा दिला, दुसरी नाकपुडी दाबून धरली, हळू घ्या म्हणाल्या, आणि घड्याळ बघितलं.

दुखणं थोड्या वेळाने उतरलं. आधी खांदे सैल झाले, मग आखडलेले पाय. शेवंतीच्या सासूने विचारलं, जेवण काय चालतं यांना? आमटी-भात चालतो, रंगूबाई म्हणाल्या. गुणाजींनी शेवंतीकडे पाणी मागितलं. रंगूबाई तांब्याच्या शेजारीच बसल्या होत्या.

दुपारी समीक्षाचा फोन आला. आवाज आनंदात होता. पसंत आहे म्हणतात, पुढच्या महिन्यात साखरपुडा करू म्हणतात. आणि मग ती म्हणाली, तिथे कोणाला काही कळू देऊ नका हां, त्यांची माणसं त्या बाजूला आहेत. रंगूबाई बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला.

गुणाजींनी कोणाचा फोन ते विचारलं नाही. त्यांनी बायकोला त्या दिवशी काहीच विचारलं नाही. निघताना शेवंती रडली, तिच्या डोक्यावर हात ठेवून ते गाडीत बसले, ड्रायव्हरशेजारी, पुढे. रंगूबाई मागे एकट्या बसल्या. टिटवाळा यायच्या आधीच गुणाजींची मान एका बाजूला कलली. रंगूबाईंनी पुढे वाकून हाक मारली. अहो. गुणाजींनी डोळे उघडले, आरशात बायकोला बघितलं आणि पुन्हा मिटले. हाकेला उठले, म्हणजे झोपच होती. तरी बाळकुम येईपर्यंत रंगूबाई मागून त्यांच्या खांद्याकडे बघत होत्या. तो वर जात होता, खाली येत होता.